रुमैथियातला 'येतो-गं'

माझी सगळी नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गेली. रक्त, लघवी, थुंकी... काचेवर दिसेल ते लिहायचं, दिसलं नाही तर 'दिसलं नाही' लिहायचं आणि पुढची स्लाइड घ्यायची. अमावास्या, लिंबू-मिरची, दृष्ट या विषयांवर आमच्या घरात सगळ्यांत मोठ्याने हसणारी बाई मीच. या सदरातले तुमचे अनुभव मी दर वेळी वाचते, पण खरं सांगू का, चहाबरोबर करमणूक म्हणून वाचते. राग मानू नका. आज मीच इथे लिहायला बसलेय, याचं हसू सगळ्यांत आधी मला येतंय.

आधीच सांगून टाकते — यात पांढरी साडी नाही, उलटे पाय नाहीत. एक पक्षी आहे. आणि तोही मी कधी पाहिलेला नाही... फक्त ऐकलाय.

साल १९९०. आम्ही कुवेतला होतो. माझा नवरा अरविंद, मूळचा नाशिकचा, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. मी हॉस्पिटलात. मुलगी मीनल आठ वर्षांची. आम्ही तिच्याशी मराठीत बोलायचो आणि ती इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायची. आमच्या ओळखीची बाकी मराठी मंडळी फ्लॅटमध्ये राहायची, एकमेकांच्या जवळ. आम्ही मात्र रुमैथिया नावाच्या वस्तीत एका कुवेती बाईच्या घरामागे, अंगणात बांधलेल्या दोन खोल्यांत राहायचो. याचं कारण त्या अंगणातलं बोराचं झाड. जागा बघायला गेलो तेव्हा मी नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारत होते आणि हा बाहेर उभा राहून झाडाकडे बघत होता. "विद्या, कुवेतमध्ये दारात एवढं झाड मिळतंय, आणि तू नळाचं काय विचारतेस?"

पक्ष्यांचं वेडच होतं त्याला. लोक शुक्रवारी मॉलला, समुद्रावर जायचे. आम्ही पहाटे उठून चिखलात फ्लेमिंगो मोजायला. दुर्बीण त्याच्या गळ्यात, डबा आणि पाण्याची बाटली माझ्या हातात. मला कावळा आणि चिमणी सोडून फारसं काही ओळखू यायचं नाही, आणि यायला हवं असंही कधी वाटलं नाही.

घरमालकीण म्हणजे उम्म खालिद. खालिदची आई. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, त्यामुळे तिचं स्वतःचं नाव मला कधी कळलंच नाही. साठीची, विधवा, आणि खालिद एकुलता एक. तिचे वडील खजुराच्या व्यापारात होते आणि लहानपणी ती काही वर्षं मुंबईत राहिली होती, म्हणून तिला मोडकंतोडकं हिंदी यायचं. मला ती 'उम्म मीनल' म्हणायची. बोरं लागली की वाटीभर आणून द्यायची आणि म्हणायची, "बंबई में भी ऐसाच था."

त्या वर्षी एप्रिलमध्ये सुट्टीला नाशिकला जायच्या ऐवजी आम्ही केनियाला गेलो. माझा थोरला भाऊ, दादा, सांगलीकडचा कारखाना सोडून तिकडे पश्चिम केनियात साखर कारखान्यावर केमिस्ट म्हणून लागला होता. त्याच्या बंगल्यापासून जीपने थोडं गेलं की काकामेगाचं जंगल. सिंह-जिराफवाला केनिया नव्हे हा. हे खरं विषुववृत्ताचं रान... दुपारी बारा वाजता आत शिरलं तरी संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. झाडांच्या बुंध्यांवर बोटभर शेवाळ, वर बघितलं तर आभाळाचे तुकडे, आणि खाली मुंग्यांच्या रांगा. त्यातली एक रांग माझ्या सलवारीत शिरली. मी किंचाळले, तर अरविंद म्हणतो कसा, "हळू! तुराको उडेल!"

तो तुराको मात्र बघण्यासारखा होता, हे कबूल. कोंबड्यापेक्षा मोठा, निळा, डोक्यावर काळा तुरा, आणि उडायच्या ऐवजी फांदीवरून तुरुतुरु पळणारा. मग धनेश आले. ते डोक्यावरून गेले तेव्हा त्यांच्या पंखांचा आवाज एवढा मोठा की मीनलने कान झाकले. अरविंदचा चेहरा मी लग्नाच्या दिवशीसुद्धा इतका आनंदलेला पाहिला नव्हता. तसं मी त्याला बोलूनही दाखवलं.

आणि मग तो आवाज आला. कुठून तरी वरून, दाट पानांतून. तीन सूर. पहिला वरचा, दुसरा त्याच्या खाली, आणि तिसरा आणखी खाली ओढत नेलेला. थांबला. पुन्हा तेच तीन. आमच्याबरोबरचा तिथला गाइड हसून म्हणाला, "इट-विल-रेन! पाऊस येणार असं सांगतोय." दादा म्हणाला, "अरे, हा आपल्या पावशाचा चुलतभाऊ दिसतो. तो नाही का 'पेरते व्हा, पेरते व्हा' करत."

अरविंद डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, "छे हो दादा. नीट ऐका. हा म्हणतोय... ये-तो-गं."

आम्ही हसलो. पण एकदा असं म्हटल्यावर दुसरं काही ऐकूच येईना. ये-तो-गंsss. अगदी अरविंदचाच सूर. रोज सकाळी ड्युटीला निघताना दारात वाकून बुटाची लेस बांधता बांधता तो जसा म्हणायचा, तसाच, 'गं' लांबवून. दादा तर म्हणाला, "विद्या, तुझा नवरा इथेही आलाय बघ आधीच." मान दुखेपर्यंत आम्ही वर बघितलं, पण पक्षी काही दिसला नाही. तो दिसत नाहीच म्हणे सहसा. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव 'येतो-गं' पडलं. इंग्लिश नाव अरविंदने सांगितलं होतं, कोकिळेच्या जातीतला कुठलासा छातीवर लाल असलेला. मी ते विसरूनही गेले होते.

ऑगस्टमध्ये इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं, ते सगळ्यांना माहीत आहे. एका सकाळी उठलो तर कोपऱ्यावर रणगाडा. बँका बंद, फोन बंद, दुकानांतल्या फळ्यांवरचा माल रोज कमी होत गेलेला. मी हॉस्पिटलात जात होते कारण पेशंट येत होते. अरविंदची रिफायनरी ठप्प होती. भारतीय लोक बसेस करून बसरा, बगदाद, तिथून जॉर्डनच्या सरहद्दीपर्यंत जायला लागले होते. तिथून विमानं मिळत होती. आपणही निघायचं असं आमचं ठरलं होतं. अरविंदचं म्हणणं मात्र आपल्या गाडीने जाऊ. बसमध्ये मीनलचं काय होईल... वाळवंट, ऊन. मी 'बरं' म्हटलं.

त्याच दिवसांत सैनिकांनी खालिदला नेलं. भरदुपारी, जेवणावरून उठवून. का ते कुणी सांगितलं नाही. उम्म खालिदने रडून गोंधळ घातला नाही. तिने एक प्लास्टिकची खुर्ची बोराच्या झाडाखाली आणून ठेवली आणि त्या दिवसापासून ती तिथेच बसायला लागली. फाटक तिथून समोर दिसायचं. मी चहा नेऊन दिला तर घ्यायची. "हमारा खालिद खाना आधा छोड़ के गया," एवढंच म्हणायची.

सप्टेंबर लागला आणि आमच्या गाडीचा रेडिएटर गळायला लागला. गॅरेजेस बंद. कुणीतरी सांगितलं, शहराबाहेर अम्गऱ्याला भंगारवाल्यांकडे जुने रेडिएटर अजून मिळतायत. अरविंद सकाळी निघाला. मी डाळ निवडत होते. तो म्हणाला, "येतो गं." मी न बघताच म्हटलं, "या."

संध्याकाळपर्यंत तो आला नाही. रात्री आला नाही.

नेमकी दुसऱ्या दिवशी सकाळी एक बस निघणार होती. अरविंदच्या ऑफिसमधले देशमुख, परभणीचे, त्यांनी धडपड करून जमवलेली. बसमध्ये आमच्यासाठी जागा आहे असं सांगायला ते स्वतः आले. त्यांना अरविंदचं कळलं तेव्हा ते क्षणभर खाली बसले. मग म्हणाले, "वैनी, तुम्ही लेकराला घेऊन निघा. अरविंदला कुठंतरी अडवलं आसल चेकपोस्टवर. मी हाय अजून, शेवटच्या बसला जाणार. तो आला की माझ्यासोबत धाडतो त्याला. पुन्हा बस भेटल का नाही, काय सांगावं."

माझं डोकं चालत नव्हतं. नवरा बेपत्ता, आणि मी त्याला इथे सोडून निघून जायचं? पण न जावं तर मीनल. शेवटी मीनलकडे बघून मी बॅग उचलली. देशमुख फाटकाशी बसवाल्याशी बोलत होते. मी अंगणात आले, मीनलचा हात धरला, उम्म खालिदकडे वळले... आणि बोराच्या झाडातून तो आवाज आला.

ये-तो-गंsss.

मी जागच्या जागी थांबले. सप्टेंबरातलं कुवेत. त्या झाडावर होले बसायचे, एखादा बुलबुल यायचा, बस. पुन्हा तेच तीन सूर. स्वच्छ, मोठ्याने, अगदी डोक्यावरून. माझ्या तोंडातून आपोआप "या" निघून गेलं. सवयच ती.

मीनल म्हणाली, "आई! बाबाज बर्ड!"

उम्म खालिदनेही मान वर केली होती. म्हणजे माझ्या एकटीच्या कानात वाजत नव्हतं. तिने विचारलं, "ये क्या है? ये इधर का नहीं." मी बॅग खाली ठेवली. मला रडू येत होतं आणि हसूही. मी तिला सांगितलं, "वो हमारी भाषा में बोलता है. बोलता है — आता हूँ."

"याय?" तिने विचारलं. कुवेती बोलीत 'याय' म्हणजे येतोय.

"हाँ," मी म्हटलं. "याय."

तिने दोन्ही तळवे वर केले आणि काहीतरी पुटपुटली. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नाही की हा निरोप तिने खालिदचा म्हणून घेतला होता.

देशमुख आत आले, घाम पुसत. "वैनी, बस निघायलीय! काय करायलात?" मी म्हटलं, भाऊ, मी नाही येत. हे येणार आहेत. आजच येतील. देशमुख माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काय सांगणार होते मी, पक्ष्याने सांगितलं? लॅबमध्ये बत्तीस प्रकारच्या तपासण्या करणारी बाई मी. पण मला इतकी खात्री आयुष्यात कधी कशाची वाटली नव्हती. बस गेली. मी बॅग उघडून मीनलचे कपडे परत कपाटात लावले आणि अरविंद जेवायला असेल म्हणून भात जास्त टाकला.

तो आला नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. मी देशमुखांबरोबर अम्गऱ्याला जाऊन आले. भंगारवाल्यांपैकी अर्धे पळून गेलेले, उरलेल्यांपैकी कुणाला काही ठाऊक नाही. हॉस्पिटलमध्ये येणाऱ्या प्रत्येक जखमी माणसाचं तोंड मी आधी बघायची, मग सॅम्पल. लॅबमधली केमिकल्स संपत आली होती. आणि तरीही मी निघत नव्हते. देशमुख दर दोन दिवसांनी येऊन बसचं विचारायचे, मी दर वेळी "अजून नको" म्हणायची. त्यांना वाटायला लागलं होतं, वैनींच्या डोक्यावर परिणाम झालाय. मला आतून भीती वाटायची, पण त्या तीन सुरांवर मी बसून होते.

उम्म खालिद मात्र बदलली होती. ती झाडाखाली पाण्याचं भांडं आणि मूठभर भात ठेवायला लागली. केस विंचरायला लागली. एकदा मला म्हणाली, "तुम्हारा जबान में फिर से बोलो." मी म्हटलं, "येतो." ती दोन-तीनदा म्हणून बघायची. "येत्तो... येत्तो." आणि स्वतःशीच हसायची. मलाही बरं वाटायचं. दोघी वाट बघतोय, दोघींना निरोप मिळालाय... एकीला सोबत दुसरीची.

मग एका दुपारी तो पुन्हा बोलला. मशिदीतून असरची अजान नुकतीच संपली होती. मी पायरीवर मीनलच्या केसांचा गुंता सोडवत होते. उम्म खालिद आत नमाज पढत होती. ये-तो-गंsss. या वेळी दोनच वेळा, आणि दुसऱ्यांदा जरा लांबून, जणू भिंतीपलीकडून. मी उठून धावले. झाडाखाली उभी राहून फांदी न् फांदी बघितली. काही नाही. मी फाटक उघडून रस्ता बघितला. रिकामा.

परत येऊन मी मीनलला म्हटलं, "बघ, सांगतोय तो. बाबा येणार."

मीनलने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बट आई... बाबा सेज दॅट व्हेन ही इज गोइंग."

मी म्हटलं, "काय?"

"येतो गं. ही सेज इट व्हेन ही गोज. व्हेन ही कम्स होम, ही सेज 'आलो'."

मी तिथेच बसले, हातात कंगवा. आपण कुणीच जाताना 'जातो' म्हणत नाही. अशुभ म्हणून तोंडालाच येत नाही तो शब्द. घराबाहेर पडणारा माणूस म्हणतो 'येतो', आणि घरात शिरणारा म्हणतो 'आलो'. जन्मापासून बोलत आलेय मी हे, त्यामुळे मला ते कधी दिसलंच नाही. माझ्या इंग्लिश बोलणाऱ्या पोरीला दिसलं, कारण तिच्यासाठी 'येतो' म्हणजे सरळ 'बाय'. आणि मी काय उत्तर दिलं होतं पहिल्यांदा? "या." निरोप देताना म्हणतात तेच.

मी खूप रडले. पोरीसमोर रडू नये म्हणतात, पण आवरलंच नाही. त्या संध्याकाळी मी देशमुखांकडे निरोप पाठवला की पुढच्या बसने आम्ही येतो. ती त्यांची शेवटचीच बस होती.

निघायच्या सकाळी उम्म खालिद खुर्चीतून उठून उभी राहिली. माझ्या हातातल्या बॅगेकडे बघून तिचा चेहरा उतरला. "तुम किधर जाता? वो तो बोला, याय! अभी आएगा तुम्हारा आदमी. हमारा खालिद भी आएगा."

मला तिला सांगायला हवं होतं, की मी चुकीचं भाषांतर केलं. तो शब्द येणाऱ्याचा नाही. पण तुम्हीच सांगा, मोडक्यातोडक्या हिंदीत, बस हॉर्न वाजवत असताना, एका आईला हे कसं सांगायचं? मी तिचे हात हातात घेतले आणि निघताना तोंडात जे येतं तेच म्हटलं. "आती हूँ." तिने मान डोलावली. मी निघून गेले.

प्रवासाचं फार सांगत नाही. उन्हात तापलेली बस, पाण्यासाठी भांडणं. जॉर्डनच्या सरहद्दीवर तंबूंची मोठी छावणी होती. आमची बस थांबली तेव्हा बाहेर माणसांची गर्दी उभी होती, येणाऱ्या प्रत्येक बसच्या खिडकीत बघणारी. त्या गर्दीत दाढी वाढलेला, ओठ फुटलेला अरविंद होता. त्याने आधी मीनलला बघितलं आणि मग मला. म्हणाला, "किती उशीर!"

अम्गऱ्याच्या वाटेवर सैनिकांनी त्याची गाडी घेतली होती. त्याच्याकडचं रिफायनरीचं ओळखपत्र बघून एका शाळेत डांबून ठेवलं, मग पहाटे मजुरांबरोबर ट्रकमध्ये घालून बसऱ्याला नेऊन सोडलं. परत येऊ दिलं नाही. देशमुखांची बस ठरलेली आहे हे त्याला माहीत होतं, त्यामुळे आम्ही त्या बसने निघालो असणार असं धरून तो सरळ छावणीत पोचला आणि रोज बसेस तपासत बसला. मी वाट बघत तिकडे, तो वाट बघत इकडे. मी आणखी थांबले असते तर आमची गाठ कधी पडली असती, देव जाणे.

नाशिकला पोचल्यावर बऱ्याच दिवसांनी मी त्याला पक्ष्याचं सांगितलं. माझी अपेक्षा होती... काय होती कुणास ठाऊक. त्याला त्या सकाळी आमची आठवण आली असेल, त्याने मनात हाक मारली असेल, असं काहीतरी. तो म्हणाला, "त्या सकाळी मी ट्रकमध्ये होतो आणि मला तहान लागली होती. दुसरं काही डोक्यात नव्हतं." मग त्याच्यातला पक्षीवाला जागा झाला. म्हणे तो आफ्रिकेच्या जंगलातला पक्षी, तो कुवेतला येत नाही. सप्टेंबरात इतर कोकिळा तिथून जातात, पण मुक्याने जातात. कुणाची पाळलेली मैना सुटली असेल आणि नक्कल करत असेल? पण नक्कल कुणाची? अरविंदला शिट्टी वाजवता येत नाही, आणि केनियाला आम्ही टेपरेकॉर्डर नेला नव्हता. शेवटी म्हणाला, तुझ्या मनाचा खेळ. मी म्हटलं, मीनलच्या मनाचाही? आणि उम्म खालिदच्या? तिने तर ते जंगल कधी स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

आणि मग मला जे सुचलं ते मी त्यालाही सांगितलं नाही. अरविंद तर जिवंत होता. तो कुठे गेला नव्हता. मग तो निरोप कुणाचा होता? त्या सकाळी अंगणात वाट बघणाऱ्या बायका दोन होत्या. मी आपली धरूनच चालले होते की पक्षी माझ्याशी बोलतोय.

युद्ध संपलं आणि एक्याण्णवच्या पावसाळ्यानंतर हॉस्पिटलने मला परत बोलावलं. अरविंद आधीच गेला होता, रिफायनरीच्या दुरुस्तीला. तेलविहिरींच्या काही आगी अजून धुमसत होत्या. दुपारी गाड्यांचे दिवे लावावे लागत, आणि बोट फिरवावं तिथे काळं चिकट लागे. पहिल्याच शुक्रवारी मी एकटी रुमैथियाला गेले.

बोराचं झाड उभं होतं, पण पानं काजळी धरलेली, बरीचशी गळालेली. खाली तीच प्लास्टिकची खुर्ची. उम्म खालिद तिच्यात बसली होती, अर्धी उरली होती बिचारी. पाण्याचं भांडं पायाशी, वर तेलाचा तवंग. खालिद आला नव्हता. इराकच्या तुरुंगांतून किती तरी मुलं परत आली, पण कुठल्या यादीत किंवा त्यांतल्या कुणाच्या आठवणीत खालिद नव्हता.

मला बघून ती उठली आणि गळ्यात पडली. "देखा? देखा?" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "तुम जाने के टाइम बोला, आती हूँ. सब बोले, हिंदी लोग गया, अब नहीं आता. हम बोला, उम्म मीनल बोला है, आएगा. तुम आया!" तिने डोळे पुसले. "खालिद भी आएगा. वो भी बोला ना."

जो शब्द मी तिला सांगू शकले नव्हते, तो तिला माझ्याहून जास्त कळला होता. जाताना म्हणतात तो, आणि परत येण्यासाठीच म्हणतात. मीच तो खरा करून दाखवायला येऊन उभी राहिले होते.

आम्ही चहा प्यायलो. ती मुंबईबद्दल बोलत होती. मध्येच तिने एक बोट वर केलं आणि मान झाडाकडे वळवली. "सुनो."

मी कप खाली ठेवून ऐकलं. दूर कुठेतरी जनरेटर चालू होता. झाडात काही नव्हतं. एक होलासुद्धा नाही. पण तिचा चेहरा उजळला होता आणि ती तीन वेळा हळूहळू मान हलवत होती, वरून खाली, वरून खाली. त्या सुराबरोबर.

"क्या बोलता है?" तिने मला विचारलं. भाषा माझी होती ना.

मी म्हटलं, "आता हूँ, बोलता है."

ती समाधानाने मागे टेकली. त्या झाडात काय होतं, कुठून आलं होतं, आधी तिघींना ऐकू आलं आणि मग तिला एकटीलाच का, यातलं काहीच मला आजवर उलगडलेलं नाही. पक्षीवाल्यांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं, एका भटजींनाही विचारलं, लाज सोडून. कुणाचंच उत्तर पटलं नाही.

थोड्या वेळाने मी पर्स उचलली आणि फाटकापर्यंत आले. ती खुर्चीतून माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणते त्याची वाट बघत. मला निघताना म्हणायचा शब्दच सुचेना. मी नुसता हात हलवला आणि बाहेर पडले.